मुरुडचा नवाबी राजवाडा
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



यंदाच्या सहलीसाठी मुरुडचे नाव निघाले आणि जंजिऱ्याची माहिती सांगण्याचे काम मजकडे आले. किल्ल्याविषयी आपण शाळेपासून वाचीत आलो आहोत. तो आज राहू द्या. अलिबागकडून मुरुडला येताना टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून उभा असलेला नवाबांचा राजवाडा तेवढा पाहू.

नवाब सिद्दी अहमदखान यांनी तो १८८५ साली बांधविला. घुमट मोगली, पण कमानी विलायतेतल्या गॉथिक पद्धतीच्या, टोकदार. ही कमान आपल्या ओळखीची आहे. आपली लोकल ज्या बोरीबंदरला जाऊन थांबते, ते १८८८ साली पुरे झालेले स्टेशन याच पद्धतीचे. रोजच्या घाईत वर पाहतो कोण! नमस्काराला जोडलेले हात कोपरांशी फाकवा, की झाली गॉथिक कमान. अर्धगोल कमान भिंतींना बाजूला रेटते. टोकदार कमानीचा भार त्या मानाने सरळ खाली उतरतो. त्यामुळे भिंती उंच नेता येतात, खिडक्या मोठ्या ठेवता येतात. फ्रान्सात बाराव्या शतकात देवळांसाठी निघालेली ही युक्ती कोकणच्या किनाऱ्यावर घुमटाशेजारी येऊन बसली. जाणत्यांना ही सरमिसळ वाटेल. मला ती आवडते.

पण घर म्हटले की मी आधी विचारते, आत बाई कोण होती? येथे होत्या नाझली बेगम. बद्रुद्दीन तय्यबजींच्या नात्यातल्या, लहान वयात लग्न होऊन आलेल्या. मौलाना शिबली नोमानींसारखे विद्वान त्यांच्या पाहुणचाराला जंजिऱ्यास आले. १९०८ मध्ये त्या नवाबांबरोबर युरोपात गेल्या आणि त्या प्रवासाचे पुस्तक त्यांनी उर्दूत लिहिले. धाकटी बहीण अतिया तर १९०६ सालीच शिक्षिकेचे शिक्षण घ्यायला लंडनला गेली होती.

एवढ्या कर्तबगार राणीला मूल झाले नाही. १९१३ मध्ये काडीमोड झाला. नवाबांनी दुसरे लग्न केले, १९१४ साली पुत्र झाला. पुस्तक लिहिणारी बाई गादीला वारस देऊ शकली नाही, एवढ्यावरून तिचे घर सुटले. आपल्या वाड्यांतून, चाळींतून हे घडलेले नाही असे कोण म्हणेल?

दुसऱ्या बेगम कुलसुम यांच्यावर मला राग धरवत नाही. १९२२ मध्ये नवाब वारले तेव्हा मुलगा आठ वर्षांचा. तो जाणता होईपर्यंत, १९३३ पर्यंत, संस्थानचा कारभार या बाईंनीच पाहिला. १९४८ साली संस्थान विलीन झाले. नाझली आणि अतिया फाळणीनंतर कराचीला गेल्या आणि तेथेच वारल्या.

राजवाडा खाजगी मालकीचा आहे. आत सोडीत नाहीत. तेव्हा रस्त्यावरूनच पाहावा लागेल. गाडीत समुद्राच्या बाजूची जागा धरण्यासाठी भांडू नका. जाताना टेकडीच्या बाजूलाच बसा.