शेर, झाकण आणि मिली : फवारणीआधी माप पक्कं करा



सोयाबीन फुलावर आलं की केनवडच्या शिवारात पंप पाठीवर चढतात. कोणतं औषध मारावं हे आपण चार जणांना विचारतो. किती घालावं, हे मात्र झाकणावर सोडून देतो. म्हणून आज मापाविषयी बोलू.

आधी जुनी मापं पाहू. ८० तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, आणि एका शेराचे १६ छटाक. तेवढ्या वजनाचं पाणी मोजलं तर शेराचं ९३३ मिली, पावशेराचं २३३ मिली आणि छटाकाचं ५८ मिली भरतं. १९५६ साली नव्या मापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून ती मापं टप्प्याटप्प्यानं लागू झाली. शेर गेला, पण शब्द तोंडात राहिला. आज पावशेर दूध मागितलं की पाव लिटर, म्हणजे २५० मिली मिळतं. दुधात हा फरक चालून जातो, औषधात चालत नाही. तिथं एकच हिशेब ठेवा : १ लिटर म्हणजे १००० मिली.

झाकण हे माप नव्हे. एका बाटलीचं झाकण ५ मिलीचं असतं, तर दुसरीचं १० किंवा त्याहून मोठं. ‘मागच्या वर्षी चार झाकणं घातली होती’ म्हणून यंदाही चार घातली आणि झाकण दुप्पट मोठं निघालं, तर औषधही दुप्पट पडतं. पैसा जातो, पीक करपू शकतं आणि फवारणाऱ्याच्या अंगावर जास्त विष येतं. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. ते विसरू नका. औषध कमी पडलं, तर अळी मरत नाही आणि फवारणी पुन्हा करावी लागते.

आता हिशेब करू. समजा, शिफारस आहे ‘१० लिटर पाण्यात २० मिली’. म्हणजे १ लिटरला २ मिली. तुमचा पंप १५ लिटरचा असेल तर ३० मिली, १६ लिटरचा असेल तर ३२ मिली आणि २०० लिटरच्या टाकीला ४०० मिली.

काही वेळा शिफारस एकरी असते. समजा, ‘एकरी २०० मिली’. तेव्हा आधी नुसतं पाणी भरून फवारा आणि एक पंप किती गुंठ्यांना पुरतो ते पाहा. ४ गुंठ्यांना पुरला, तर ४० गुंठ्यांच्या एकराला १० पंप लागतील. २०० ला १० नं भागा : पंपाला २० मिली.

बादली किती लिटरची, हेही अंदाजानं धरू नका. १ लिटरच्या स्वच्छ बाटलीनं एकेक लिटर पाणी मोजून बादलीत ओता आणि दर लिटरला रंगानं खूण करा. औषधासाठी मिलीच्या खुणा असलेला वेगळा कप ठेवा. घरातला चमचा, चहाचा कप किंवा पाण्याची बाटली औषधाला कधीच लावू नका. औषध मोजताना हातमोजे घाला.

घरी मुलांना सोबत घेऊन ही तीन उदाहरणं सोडवा :

१) १० लिटरला ५ मिली, तर १५ लिटरच्या पंपाला किती?
२) १ लिटरला ३ मिली, तर २०० लिटरच्या टाकीला किती?
३) एकरी १५० मिली आणि एकराला १० पंप, तर एका पंपाला किती?

उत्तरं : साडेसात मिली, ६०० मिली, १५ मिली.

बाटलीवरचा कागद वाचता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. त्यात कमीपणा नाही. आधी माप, मग पंप. राम राम.