मृत्युपत्र : सही आणि साक्ष

(मुदखेड येथे पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जिवंतपणी मरणाची गोष्ट नको, म्हणून मृत्युपत्राचा विषय आपल्याकडे सहसा टाळला जातो. मग आजारपणात घाईने कागद लिहिला जातो आणि साक्षीदार म्हणून गुरुजींना किंवा सरपंचांना बोलावणे येते. प्रतिष्ठिताची सही असली की काम भागले, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु मृत्युपत्राची वैधता साक्षीदाराच्या पदावर अवलंबून नसते. सही कशी झाली, हे महत्त्वाचे असते.

यासंबंधीचे नियम भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 63 मध्ये दिलेले आहेत. मृत्युपत्र करणाऱ्याने स्वतः सही किंवा अंगठा करावा. ते शक्य नसल्यास त्याच्या समक्ष व त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्याने सही करावी. त्या मजकुराला मृत्युपत्राचे स्वरूप देण्याचा हेतू स्पष्ट व्हावा, अशा जागी ती असावी. त्यानंतर किमान दोन साक्षीदार हवेत. प्रत्येक साक्षीदाराने ती सही होताना पाहिलेली असावी, किंवा 'ही सही माझी आहे' असे मृत्युपत्र करणाऱ्याने त्याला स्वतः सांगितलेले असावे. साक्षीदाराने आपली सही मृत्युपत्र करणाऱ्याच्या समक्षच केली पाहिजे. दोघे साक्षीदार एकाच वेळी हजर असण्याची मात्र सक्ती नाही. मृत्युपत्र करणारी व्यक्ती सज्ञान व शुद्धीवर असावी, आणि तिच्यावर दडपण नसावे.

यातील एक दुवा निसटला तर काय होते, हे महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या जानकी नारायण भोईर खटल्यात दिसून आले. तेथे एका साक्षीदाराची जबानी झाली. परंतु दुसऱ्या साक्षीदाराने कायद्याप्रमाणे सही केल्याचे तिच्यातून सिद्ध झाले नाही. डिसेंबर 2002 मध्ये न्यायालयाने ते मृत्युपत्र शाबीत झाले नसल्याचा निर्णय दिला. एकच साक्षीदार तपासला तरी चालते. पण त्याच्या जबानीतून दोन्ही साक्षी सिद्ध झाल्या पाहिजेत. म्हणून दोघांनी एकत्र बसून सह्या करणे हिताचे.

मृत्युपत्र फेटाळले गेले तर हिंदू कुटुंबात 1956 च्या वारसा कायद्याप्रमाणे वाटणी होते. एखाद्याने आपल्याला सांभाळणाऱ्या निराधार बहिणीच्या नावे दोन एकर जमीन लिहून ठेवली असेल, आणि त्याला पत्नी, मुले किंवा आई असेल, तर बहिणीला काहीच मिळत नाही. सहीतील चुकीची किंमत अशी मोजावी लागते.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालते. मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणीही ऐच्छिक आहे. तथापि दुय्यम निबंधकांकडे नोंदणी केल्यास कागद हरवण्याची वा बदलला जाण्याची भीती कमी होते. नोंदणी झाली तरी साक्षीदारांच्या साक्षीची गरज संपत नाही. मृत्युपत्र केव्हाही बदलता किंवा रद्द करता येते. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मात्र केवळ आपल्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र करता येते. 2005 च्या दुरुस्तीने मुलींनाही त्या मिळकतीत जन्माने हक्क मिळालेला आहे, याचे विस्मरण होऊ नये.

मुस्लिम बांधवांना कलम 63 लागू नाही. त्यांचे मृत्युपत्र तोंडीही असू शकते. मात्र वारसांच्या संमतीवाचून मालमत्तेच्या एक तृतीयांशाहून अधिक देता येत नाही. ख्रिस्ती मृत्युपत्रात साक्षीदाराला किंवा त्याच्या पती-पत्नीला दिलेला लाभ रद्द ठरतो. हिंदूंना हे कलम लागू नसले तरी लाभ मिळणाऱ्याने साक्षीदार होऊ नये. न्यायालयात त्यावरून संशय निर्माण होतो.

पंचायत सदस्य व शिक्षक यांना माझी विनंती अशी की, घरी आणून दिलेल्या कागदावर मागाहून सही करू नका. मृत्युपत्र करणाऱ्यासमोर बसा. त्यास वाचता येत नसेल तर मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा, आणि तसे वाचून दाखविल्याची नोंद खाली करावी. वय झालेले असल्यास डॉक्टरांचा दाखला जोडावा. आपल्या सहीखाली पूर्ण नाव, पत्ता व तारीख लिहावी. साक्षीदार वयाने लहान व गावात राहणारे निवडावेत, कारण न्यायालयात बोलावणे वीस वर्षांनीही येऊ शकते. त्या दिवशी "माझ्यासमोर सही झाली" असे आपल्याला शपथेवर सांगता आले पाहिजे.