उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत



कोल्हापूर ते मुंबई अंतर किती, असे विचारले तर तीन उत्तरे येतील आणि तिन्ही खरी असतील. रेल्वेने सुमारे 518 किलोमीटर, सडकेने सुमारे 380, आणि उजळाईवाडीच्या विमानतळापासून मुंबईच्या सहार-सांताक्रूझ विमानतळापर्यंत सरळ रेषेत सुमारे 310. लोहमार्ग मिरज-पुण्याचा वळसा घेतो, सडक घाट उतरते. विमानाला सह्याद्री आडवा येत नाही.

आता वेळ पाहू. ताशी 500 किलोमीटर वेगाने एवढे अंतर चाळीस मिनिटांच्या आत कापले जावे. तरी वेळापत्रक साधारण तासाभराचा अवधी धरते. यात लबाडी नाही. नियमाप्रमाणे विमान उड्डाणासाठी जागचे हलते तेव्हा उड्डाणाचा वेळ सुरू होतो, आणि उतरून पुरते थांबते तेव्हा तो संपतो. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, समोरचा वारा, मुंबईवर घिरट्या घालीत वाट पाहणे, हे सारे त्यात येते. वैमानिकाची पाळी तर त्याहून आधी, कामावर हजर होण्याच्या वेळेपासून मोजतात. कामगारांत वावरलेल्या आम्हांला हा नियम पटतो. मेहनत चाके उचलल्यावर सुरू होत नाही.

पण उतारूचा वेळ कोण मोजतो? माधवनगरहून उजळाईवाडी सुमारे 50 किलोमीटर. सव्वा तास धरा. तपासणीसाठी दीड-दोन तास आधी पोहोचावे लागते. तासाचे उड्डाण, सामानाला अर्धा तास, पुढे परळ-लालबागला जायला आणखी तास. बेरीज सव्वापाच ते पावणेसहा तासांची होते. हत्ती तासात जातो, शेपूट साडेचार तास रेंगाळते! उलट रात्री सांगलीला महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली तर सकाळी मुंबई. तास जास्त, पण ते झोपेचे. रोज बुडत नाही.

15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले. अहमदाबादेस त्या विमानाचे इंधन बैलगाडीतून आले होते. आकाशातल्या वेगाला जमिनीवरचा आधार लागतो, तो असा.

म्हणून आम्ही विमानाचे वैरी नव्हे. अत्यवस्थ रोग्याला, परदेशी निघालेल्या पोराला, बापाच्या अंत्यदर्शनाला धावणाऱ्या लेकीला वाचलेला प्रत्येक तास मोलाचा असतो. आपल्या शेजारी कवलापूरला विमानतळ व्हावा ही मागणी जुनी आहे. तो झाला तर आमच्या बेरजेतला पहिला सव्वा तास मिनिटांवर येईल. बाकीचे तास तसेच राहतील. तेव्हा मागणी करायची तर पुरी करावी. विमानतळाला जोडणारी एस. टी. मागा, वेळेवर सुटणारे विमान मागा, साध्या माणसाला परवडणारे भाडे मागा. आणि ज्यांची जमीन, ज्यांचे श्रम त्यात जातील, त्यांचा वाटा आधी ठरवून घ्या.

दोन विमानतळांमधले अंतर नकाशा सांगतो. दोन उंबरठ्यांमधले अंतर मात्र आपणच मोजले पाहिजे. कारण ते आपल्या आयुष्यातून वजा होते. तो हिशेब मांडूनच पुढाऱ्यांपुढे उभे राहा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.