वालाचा दाणा आणि प्रथिनांची साखळी

ठाणे सोडले की कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली आणि मग कल्याण. हा क्रम आपल्याला पाठच असतो! प्रथिनांचेही तसेच आहे. २० प्रकारची अमिनो आम्ले ठरलेल्या क्रमाने साखळीत गुंफलेली असतात. क्रमावरून साखळीची घडी ठरते, अन् घडीवरून तिचे काम. फ्रेडरिक सँगर यांनी केंब्रिजमध्ये इन्सुलिनच्या ५१ अमिनो आम्लांची रचना १९५५ साली पूर्ण उलगडली.

त्याच केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून १९३९ साली परतलेल्या डॉ. कमला सोहोनी मुंबईत आपल्या कडधान्यांवर संशोधन करीत होत्या. कल्याणच्या आसपास भात निघाल्यावर उरल्या ओलीवर पेरतात ना, तो वाल! त्यातले एक प्रथिन त्यांनी सहकाऱ्यासह स्फटिकरूपात वेगळे केले. तेही १९५५ सालीच प्रसिद्ध झाले. हे प्रथिन आतड्यातील ट्रिप्सिन या पाचकद्रव्याला चिकटून त्याचे काम अडवते. मग खाल्लेले अन्न नीट अंगी लागत नाही.

शिजवताना साखळीतला क्रम तुटत नाही. घडी मात्र मोडत जाते आणि अडथळा बराच घटतो. ज्यांच्या ताटात दूध-मासळी क्वचितच येते, त्यांची सारी भिस्त कडधान्यावर. तेव्हा बिरडे कच्चे उतरवू नका. दाणा चांगला मऊ होऊ द्या.