पाकिटावरचं नाव आणि खरा पाठवणारा

 

आपल्या इचलकरंजीत सुताचा आणि कापडाचा व्यवहार बराचसा विश्वासावर चालतो. माझ्या ओळखीच्या एका यंत्रमागधारकाला सूत व्यापाऱ्याच्या नावाने मेल आला: 'आमचं बँक खातं बदललंय, बिलाचे पैसे नव्या खात्यावर भरा.' नाव, पत्ता, सगळं ओळखीचं. त्याने पैसे भरले. व्यापाऱ्याने तो मेल पाठवलाच नव्हता.

पाकिटाच्या मागे कुणीही कुणाचंही नाव लिहू शकतो, तसंच हे. 1982 साली ठरलेल्या ईमेलच्या नियमांत पाठवणाऱ्याची ओळख तपासायची सोयच नव्हती.

पुढे तीन उपाय आले. तिन्हींच्या नोंदी डोमेनच्या, म्हणजे पत्त्यातल्या 'ॲट'नंतरच्या नावाच्या, डीएनएसमध्ये उघड असतात. एसपीएफ म्हणजे त्या नावाने मेल पाठवायला परवानगी असलेल्या सर्व्हरची यादी. डीकेआयएम म्हणजे डिजिटल सही: सही गुप्त किल्लीने होते, तपासायची किल्ली नोंदीत असते. वाटेत मजकूर बदलला तर सही जुळत नाही. तिसरा डीमार्क. आपल्याला दिसणारं नाव या तपासणीशी जुळलं नाही, तर मेल येऊ द्यायचा, स्पॅममध्ये टाकायचा की नाकारायचा, हे त्यात डोमेनचा मालक सांगतो. जीमेलवर रोज 5000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी 2024 पासून हे तिन्ही सक्तीचे आहेत.

पण एक अक्षर बदलून नवं डोमेन घेणारा चोरही या परीक्षेत पास होतो. नोंद डोमेन खरं ठरवते, माणसाची नियत नाही. म्हणून खातं बदलल्याचा मेल आला, की मेलमधल्या नव्हे, आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करा. पैसे गेलेच, तर लाजू नका, लगेच 1930 लावा.

आता आपल्या घरातलं. आपल्या संस्था, मदरसे, शिष्यवृत्ती मंडळं डोमेन घेतात आणि या नोंदी करायच्या राहून जातात. मग आपल्या नावाने कुणी जकात मागेल, कुणी भडक मजकूर पाठवेल. खुलासे करत बसायचं आपण. हे काम तुम्ही तरुणांनी अंगावर घ्या. डीमार्क आधी नुसत्या पाहणीवर ठेवा, अहवाल वाचा, आपले खरे मेल अडत नाहीत ना बघा, मग नाकारण्यावर न्या.

सूरह हुजुरातमध्ये, आलेल्या बातमीची आधी खात्री करा, अशी शिकवण आहे. ती मेललाही लागू आहे.