मृदंग आणि दहावी

मायबाप हो, परवा कीर्तन संपल्यावर एक पोरगा पाया पडला. नववी झालेला, पण मृदंगावर हात असा पडतो की ऐकणारा डोलावा! म्हणाला, "महाराज, साथीला कायमचं बोलावणं आलंय, बिदागीही मिळेल. शाळा सोडू का?" बाप मागं उभा, डोळ्यांत पाणी.

मी विचारलं, "खरं सांग बाळा, मृदंग ओढतोय की गणित पळवतंय?" हळूच म्हणाला, "दोन्ही, महाराज." खरं बोलला!

अरणच्या सावता महाराजांना मळ्यातच पांडुरंग भेटला. म्हणून पोराच्या आवडीच्या कामाला बापानं हलकं म्हणू नये. पण मळा म्हणजे नुसती फुलं नव्हेत. तण उपटणंही त्यातच आलं. नावडतं टाळून देव भेटत नाही. आणि नुसती आवड पुरती, तर जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था कशाला काढली असती?

त्याला सांगितलं, "यंदा सुट्टीच्या दिवशी साथ कर, दहावी दे, मग खुशाल जा. खरी ओढ वर्षभरानं आटत नाही." आणि मायबाप, घरच्या अडचणीनं कुणाची शाळा सुटलीच असेल, तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं.

तुमच्या घरी असं लेकरू असेल, तर रागावण्याआधी हाच एक प्रश्न विचारा. उत्तर मात्र त्यालाच देऊ द्या.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!