हात गेला तरी मजुरी जाऊ नये



आपल्यापैकी बहुतेकांचा चरितार्थ मजुरीवर किंवा पगारावर चालतो. आपल्याजवळ वाडवडिलांची शेती नाही, दुकान नाही, व्याजी लावलेला पैसा नाही. आपले दोन हात हीच आपली इस्टेट. त्यांतील एक हात यंत्रात सापडून निकामी झाला, तर त्या कुटुंबाने काय करावे? सावकाराचा उंबरठा झिजवावा, की मुलीची शाळा बंद करावी? या दोहोंखेरीज तिसरा मार्ग कायद्याने दिला आहे. ते दान नव्हे, तो हक्क आहे.

1923 च्या कायद्याने जखमी मजुराला मालकाकडून भरपाई मिळू लागली. पण ती मुख्यतः एकरकमी. अशी रक्कम कर्जफेडीत आणि लग्नकार्यात संपते. अपंगत्व मात्र जन्मभर उरते. पूज्य बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत होते. त्याच काळात, 1943 साली, औद्योगिक कामगारांच्या विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपविण्यात आले आणि 1944 साली त्यांचा अहवाल आला. त्यातून 1948 चा राज्य कामगार विमा कायदा घडला व 24 फेब्रुवारी 1952 रोजी योजनेस प्रारंभ झाला. त्या कायद्याची जागा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. योजना चालूच आहे.

तिची रीत समजून घ्या. जुलै 2019 मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे शंभर रुपये पगारामागे कामगार 75 पैसे व मालक 3 रुपये 25 पैसे भरतो. कामावर इजा झाल्यास बरे होईपर्यंत रोजाच्या 90 टक्के रक्कम मिळते. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास तीच रक्कम जन्मभर मिळते. अपंगत्व अंशतः असेल, तर कमाईची शक्ती जितकी घटली तितका हिस्सा मिळतो. अंगठा गमावल्यास ही घट 30 टक्के धरतात. रोज 500 रुपये असेल तर 90 टक्के म्हणजे 450, आणि त्याचे 30 टक्के म्हणजे 135 रुपये दररोज, आयुष्यभर. मनुष्य पुन्हा कामावर लागला तरी हे थांबत नाही. कामाच्या पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी हक्क बुडत नाही. क्षय, कर्करोग यांसारख्या दीर्घ आजारांतही, ठरलेल्या अटी पुऱ्या केल्यास, काही काळ 80 टक्के मजुरी मिळते.

परंतु हक्क कागदावाचून सिद्ध होत नाही. म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा. आपला विमा क्रमांक घरच्या माणसांना ठाऊक असू द्या. अपघात लहान असला तरी त्याच दिवशी अपघात-पुस्तकात त्याची नोंद करवून घ्या. वैद्यकीय मंडळाने ठरविलेली टक्केवारी कमी वाटली, तर मुकाट्याने सही करून परतू नका. अपिलाची सोय आहे. आणि कंत्राटदार हात झटकू लागला, तर त्याला सांगा की वर्गणीची पहिली जबाबदारी मूळ मालकाची आहे.

जेथे दहांहून कमी माणसे कामाला आहेत, तेथे ही योजना सहसा पोहोचत नाही. तेथेही मालकाकडून भरपाई मागण्याचा हक्क शाबूत आहे. आपल्या वस्तीतील सफाईचे, बांधकामाचे, कारखान्याचे काम करणाऱ्या प्रत्येकाला उद्याच विचारा : तुझ्या पगारातून विम्याची वर्गणी कापली जाते काय, आणि कापलेली वर्गणी भरली जाते काय? अपघातानंतर हा प्रश्न विचारणे फार उशिराचे ठरते.